काउंटरच्या आतलं घड्याळ

ऑर्डर पंच झाली की आतल्या स्क्रीनवर तिचा चौकोन उमटतो आणि त्याच्या कोपऱ्यात सेकंद पळायला लागतात. आधी पांढरे, मग पिवळे, मग लाल. ट्रे भरून पुढे सरकवायचा, खालचं बटण दाबायचं, की चौकोन नाहीसा. याला आमच्याकडे ‘बंप करणं’ म्हणत. महिन्याअखेरी या सगळ्या सेकंदांची सरासरी एरिया मॅनेजरच्या लॅपटॉपवर जाई आणि तिच्यावर आमच्या स्टोअरची इज्जत ठरे. बर्गरच्या एका साखळीत, ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या स्टोअरमध्ये मी कॉलेज करता करता लागले. आधी क्रू, मग ट्रेनर, मग शिफ्ट मॅनेजर. त्या लाल आकड्याची जेवढी धास्ती घेतली तेवढी बारावीच्या निकालाचीही घेतली नव्हती.

पण ते घड्याळ सुरू व्हायचं काउंटरवर ऑर्डर पंच झाल्यावर. गिऱ्हाइकाचं घड्याळ त्याने दार ढकललं तेव्हाच सुरू झालेलं असायचं. रांगेत सहा मिनिटं उभं राहून पुढे दीड मिनिटात ट्रे मिळाला, तर त्याच्या हिशेबी साडेसात मिनिटं गेली आणि आमच्या हिशेबी दीड. म्हणजे तो वैतागलेला आणि आम्हाला शाबासकी. फास्ट फूडमधली निम्मीअधिक कुरबुर या दोन हिशेबांच्या मधल्या फटीत असते, असं माझं मत तिथे काम करता करता बनलं आणि अजून बदललेलं नाही.

सरासरीचा धाक फार झाला की पोरं काय करतात? ट्रे भरायच्या आधीच बंप करतात. स्क्रीन चकाचक, आकडे हिरवेगार, आणि समोर सहाजण बिल हातात धरून टक लावून उभे. मग आत तोंडी कारभार सुरू. “निळ्या शर्टवाल्याचं काय राहिलंय रे?” “फ्राइज.” “नाही, फ्राइज दिले, त्याचा कोक राहिलाय.” एकाचे फ्राइज दुसऱ्याच्या ट्रेत जातात, तिसऱ्याचा बर्गर कोणी बनवलेलाच नसतो, कारण त्याचा चौकोन केव्हाच पुसला गेलेला असतो. ज्या मोजमापाने वाट पाहणं कमी व्हायचं, त्यानेच ते वाढायचं. नवी पोरं बर्गर नीट गुंडाळायला शिकायच्या आधी ही युक्ती शिकत, आणि ती त्यांना कोणी उघडपणे शिकवलेली नसे. “आज सर्व्हिस टाइम बघा हं,” एवढं वाक्य वरून आलं की पुरे.

या धंद्याचे मूळपुरुष म्हणजे मॅकडोनल्ड बंधू. त्यांचा किस्सा ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना ऐकवतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये त्यांचं चांगलं चालणारं हॉटेल होतं. १९४८ साली ते त्यांनी काही महिने बंद ठेवलं, गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुलींना निरोप दिला, पंचवीसेक पदार्थांचे नऊ केले आणि १५ सेंटला हॅम्बर्गर विकायला काढला. पुढे नव्या दुकानाची आखणी करताना टेनिस कोर्टवर खडूने अख्खं स्वयंपाकघर आखून, त्यात माणसांना लुटुपुटूच्या ऑर्डरी करायला लावून, कोण कुणाला धडकतो ते पाहिलं. ट्रेनिंगमध्ये हा खडूचा भाग रंगवून सांगतात. मला मात्र दुसराच भाग आठवतो. दुकान नव्याने उघडलं तेव्हा जुनी गिऱ्हाइकं आली, गाडीतच बसून राहिली आणि हॉर्न वाजवत राहिली. खिडकीशी जाऊन मागितलं असतं तर मिनिटाभरात हातात खाणं पडलं असतं. पण कोणी गाडीपाशी येत नाही, एवढ्यावरूनच त्यांनी ठरवलं की इथे आपल्याकडे लक्ष नाही. सुरुवातीला धंदा चांगलाच बसला होता.

आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात झालं. १९९६ साली वांद्र्याला लिंकिंग रोडवर मॅकडोनल्ड्स उघडलं तोपर्यंत मुंबईकराच्या दृष्टीने झटपट खाणं म्हणजे उडुप्याचं हॉटेल. तिथे टेकलात की पोऱ्या पाण्याचे ग्लास आपटून जातो. इडली यायला पुढे दहा मिनिटं लागोत, ग्लास आला म्हणजे आपली नोंद झाली. आता वेटरची जबाबदारी. आमच्याकडे पाण्याचा ग्लास नाही, टेबलावर येणारं कोणी नाही. नोंद व्हायची ती रांग संपल्यावर. त्यामुळे पहिल्यांदा येणारी आजी-आजोबा मंडळी सरळ जाऊन बसत आणि बराच वेळ बसून राहत. मग आजोबा उठून काउंटरपाशी येत आणि रांगेच्या बाजूने मान घालून विचारत, “अहो ताई, आमच्याकडे कोणी येणार आहे की नाही?” रांगेतले लोक त्यांच्याकडे ते घुसखोर असल्यासारखे बघत.

हार्वर्डमध्ये शिकवणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यांनी मांडलेली सूत्रं या धंद्यात आजही वापरतात. कामाला सुरुवात होण्याआधीची वाट, सुरुवात झाल्यानंतरच्या वाटेपेक्षा लांब वाटते. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती वेळ लागेल ते माहीत नसलं की लांब वाटतो, कारण सांगितलं नाही की लांब वाटतो, आणि अन्याय होतोय असं वाटलं की तर फारच लांब. उडुप्याच्या मालकाने हा निबंध वाचलेला नसतो, पण पाण्याचा ग्लास त्याला ठाऊक असतो.

आम्हीही आमचा ग्लास शोधला. शनिवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत गेली की एक चुणचुणीत मुलगी हातात छोटं मशीन घेऊन रांगेत सोडायची. ती रांगेतच ऑर्डर घ्यायची, चिठ्ठी फाडून हातात द्यायची आणि काउंटरला फक्त पैसे. एकूण वेळ फारसा वाचत नव्हता, खरं सांगायचं तर. भांडणं मात्र निम्म्यावर आली. चिठ्ठी हातात आली की माणूस फोन काढायचा, मुलांना टेबल अडवायला पाठवायचा, बायकोशी बोलायला लागायचा. पण आमच्या आतल्या घड्याळाचं काय? ऑर्डर आता रांगेतच पंच होत होती, म्हणजे सेकंद पाच-सहा मिनिटं आधीपासून पळू लागले. स्क्रीन लालेलाल. महिन्याच्या सरासरीत आमचं स्टोअर घसरलं आणि वरून विचारणा झाली. मी मांडून दाखवलं की लोक खूश आहेत, तक्रारी कमी आहेत. उत्तर आलं की तक्रारी कमी असणं हे मोजता येत नाही. शेवटी तडजोड अशी झाली की मुलीने रांगेत नुसतं मेनूकार्ड वाटायचं, पंच करायचं नाही. तेवढ्यानेही थोडं काम झालं. काउंटरला आल्यावर “चिंटू, तुला काय हवं? नाही, तो मोठा नाही, तो छोटा” ही चर्चा आधीच उरकलेली असे.

मालकांना एक गणित कधीच पटत नाही, आणि दोष त्यांचा नाही, ते डोक्यात बसायला जडच आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचा गणिती होता. त्याने १९०९ साली फोनच्या खोळंब्यावर जे काम सुरू केलं त्यातून पुढे रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्यातला साधा हिशेब असा. एक काउंटर तासाला सरासरी ६० माणसं उरकतं, आणि माणसं कशीही, वेळीअवेळी येतात. तासाला ४८ आली तर रांगेत शिरल्यापासून ट्रे हातात पडेपर्यंत सरासरी ५ मिनिटं जातात. ५४ आली तर १० मिनिटं. ५७ आली तर २० मिनिटं. अठ्ठेचाळिसावरून सत्तावनावर, म्हणजे नऊच माणसं वाढली, आणि वेळ चौपट. म्हणून “काउंटर तर अजून भरलेलंही नाही, मग एवढी गर्दी कशी” हा प्रश्न पडतो. भरत आलेलं काउंटर हेच गर्दीचं कारण असतं. शनिवारी एक मुलगा दांडी मारतो तेव्हा उरलेल्यांचं काम थोडंसंच वाढतं, पण रांग रस्त्यावर जाते ती यामुळे.

आमच्याकडे हे गणित दुप्पट छळायचं, कारण स्वयंपाकाच्या लाइनी दोन. व्हेज वेगळी, नॉनव्हेज वेगळी. तळणं वेगळं, चिमटे वेगळे, एप्रनचे रंग वेगळे. श्रावणात व्हेजची लाइन श्वास घेऊ देत नसे आणि शेजारी नॉनव्हेजवरची पोरं हाताची घडी घालून उभी. त्यांना इकडे ओढायचं तर हात धुणं, एप्रन बदलणं, नोंद करणं; तोवर गर्दीचा भर ओसरलेला असे. गिऱ्हाइकाला दिसतं काय? दोन पोरं रिकामी उभी आहेत आणि माझा आलू टिक्की येत नाही. त्याला समजावून सांगण्यापेक्षा त्या दोघांना काउंटर पुसायला लावणं जास्त उपयोगी पडतं, हे मला माझ्या पहिल्या मॅनेजरने शिकवलं. गटारीला सगळं उलट. त्या संध्याकाळी चिकनच्या लाइनीवर जो उभा राहिला तो कुठेही उभा राहील. आणि संकष्टीला हमखास दोघंतिघं विचारणारच, “फ्राइज उपवासाला चालतात ना? मीठ सैंधव आहे का?” मागे बाराजणांची रांग असताना या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देता येणं, ही माझ्या लेखी बढतीची खरी परीक्षा होती.

दोन लाइनींमुळे आणखी एक भानगड होई, आणि माझ्या मते माणूस सगळ्यात जास्त चिडतो तो तिथे. एक काका होते, बहुधा बँकेतले, गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांची ऑर्डर म्हणजे एक चिकन बर्गर आणि नातवासाठी एक व्हेज, कांदा न घालता. व्हेज तयार होऊन ट्रेमध्ये बसलेला, चिकन तळणात. काका शांत होते. मग त्यांच्या मागचा कॉलेजातला पोरगा आला, त्याने एक कोक आणि फ्राइज घेतले आणि निघाला. काका सरळ उभे राहिले. मग त्याच्या मागची बाई सॉफ्टी घेऊन गेली. काकांनी बिल काउंटरवर ठेवलं, त्यावर बोट ठेवलं. “माझा नंबर काय आहे? आणि त्यांचा काय होता?” मी सांगितलं की चिकन ताजं तळतोय, दोन मिनिटं. “ते मला समजतं,” काका म्हणाले. “पण मग मला आधी सांगायचं. मी माणूस म्हणून इथे उभा आहे, खांब म्हणून नाही.” तोवर त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ साली रांगांमधल्या सामाजिक न्यायावर लिहिलं. रांगेत उभ्या माणसाला आपला वेळ किती गेला यापेक्षा आपल्यानंतर आलेला पुढे गेला, हे जास्त बोचतं, असं त्यात मांडलंय. काकांनी तेच मला ठाण्यात, बोट ठेवून सांगितलं होतं.

त्यानंतर माझ्या शिफ्टला ‘दोन मिनिटं’ हे उत्तर बंद झालं. चिकनची ऑर्डर घेतानाच सांगायचं, “ताजं तळून देते, सहा मिनिटं लागतील, तुम्ही बसा, मी आणून देते.” चार मिनिटांत नेऊन दिलं की माणूस हसून थँक्यू म्हणे. तेच चार मिनिटांचं चिकन ‘दोन मिनिटं’ सांगून दिलं असतं तर भांडण. मुलं म्हणायची, “मॅडम, सहा सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल.” एखादं जायचंही. जो गाडी पकडायला निघालाय त्याने जावंच. उगीच थांबवून, त्याची लोकल चुकवून, आपण काय मिळवणार?

झटपट मिळण्याचाही एक संशय असतो, तो मराठी गिऱ्हाइकात मी फार पाहिला. बर्गर वीस सेकंदांत पुढे आला की कपाळाला आठी. “आधीच करून ठेवलेला का?” आपल्या जिभेला सवय वड्याच्या गाडीची. तिथे समोर कढई असते, लोक मुद्दाम थांबतात. “हा नको, नवा घाणा येऊ दे,” म्हणतात. पाच मिनिटं उभे राहतात, बेसनात बुडवलेला गोळा तेलात सोडताना बघतात, बुडबुडे बसत आले की हात पुढे करतात, आणि त्या पाच मिनिटांबद्दल चकार शब्द नाही. उलट तेवढं थांबलो म्हणूनच वडा गरम मिळाला, याचा आनंद. कढई दिसते, घाणा कुठवर आलाय ते दिसतं, आपल्या पुढे कितीजण आहेत ते दिसतं. आम्ही मात्र तळणं स्टीलच्या भिंतीआड ठेवलेली आणि वर रंगीत चित्रं लावलेली. गिऱ्हाइकाला चित्रातला बर्गर दिसे, स्वतःचा दिसत नसे.

वेगाचंच बघायचं तर कर्जत स्टेशन बघावं. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला इथे मागून जादा इंजिनं लागतात, तेवढ्या थांब्यात दिवाडकरांचे वडे खपतात. पुण्याला मावशीकडे जाताना मी ते खिडकीतून पाहत असे, पण मॅनेजर झाल्यावर वेगळ्या नजरेने पाहिलं. वडे आधीच पावासकट बांधलेले, चटणी आत. निवड नाही, प्रश्न नाही, कांदा नको बिको काही नाही. पुडा आत, पैसे बाहेर, पुढची खिडकी. वेळ खायचे ते फक्त सुटे पैसे, आणि त्यासाठी मुरलेला विक्रेता दुसऱ्या मुठीत चिल्लर मोजून तयार ठेवायचा. वडा गारढोण असला तरी कोणी कुरकुरत नसे. गाडी सुटायच्या आत मिळाला, एवढ्यावर माणूस तृप्त.

सुट्यांची जागा आता यूपीआयने घेतली. त्याने वेळ वाचला हे खरंच, पण दर काही जणांमागे एकाचं गोल गोल फिरत राहतं आणि सगळी रांग त्याच्या फोनकडे बघत राहते. ऑर्डर घेणारी मशिनंही आली. गिऱ्हाईक स्वतःच बोटाने निवडतो, स्वतःच पैसे भरतो. त्यामुळे काउंटरपुढची रांग गेली आणि ती सगळी माणसं घेण्याच्या टेबलापाशी नंबरच्या पडद्याखाली गोळा झाली. ४७ लागला, ४४ अजून नाही. ४४वाला पडद्याकडे बघतो, बिलाकडे बघतो, पुन्हा पडद्याकडे. काकांचंच दुःख, फक्त आता ते सांगायला समोर कोणी नाही.

आणि आता तर पुढे जाणारा दिसतही नाही. काउंटरवर चारच माणसं, तरी आत स्क्रीन भरलेली, कारण घरबसल्या मागवणाऱ्यांच्या ऑर्डरी त्यातच उतरतात. बाहेर उभ्या माणसाला कळत नाही की आपल्या पुढे अकराजण आहेत. त्याला फक्त एकामागोमाग कागदी पिशव्या बाहेर जाताना दिसतात. घरचं गिऱ्हाईक त्या मानाने सुखात असतं. ते फोनवर स्कूटरचं चित्र गल्लीगल्लीतून येताना बघतं. वेळ त्याचाही तेवढाच जातो, पण कढई दिसल्यासारखं त्याला समाधान. पूर्वी असं काही नव्हतं, तेव्हा कंपन्यांना हमीच द्यावी लागे. तीस मिनिटांत पिझ्झा, नाही तर फुकट. अमेरिकेत डॉमिनोजने ती हमी १९९३ साली मागे घेतली, कारण पोचवायच्या घाईत अपघात झाले आणि प्रकरणं कोर्टात गेली. घाई गिऱ्हाइकाची आणि जीव गाडीवरच्या पोराचा, हा हिशेब तेव्हापासूनचा.

नोकरी सोडायच्या आधीच्या शेवटच्या वर्षांत मी जे बघितलं ते या पोरांचं थांबणं. अॅपवर ‘ऑर्डर तयार’ असं बटण असतं. ते वेळेत दाबलं नाही की स्टोअरचं रेटिंग पडतं, म्हणून ते आधीच दाबून टाकतात. बंपचंच नवं रूप. पोरगा धावतपळत येतो, पिशवी तयार नाही. तो दाराशी उभा, हेल्मेट कोपरावर, एक नजर फोनवर. “ताई, अजून किती?” त्याला प्रत्येक फेरीचे पैसे, थांबण्याचे जवळजवळ नाहीत. गिऱ्हाइकाला बिलाखाली अभिप्रायाचा कोड आहे, एक ते पाच चांदण्या आहेत. या पोराला आमच्याबद्दल विचारणारं कोणी नाही, आणि तो तर आमच्या दारात दिवसातून कितीदा थांबतो. मेस्टर यांचं प्रत्येक सूत्र त्याला लागू पडतं: रिकामा वेळ, न सांगितलेला वेळ, विनाकारण वेळ, एकट्याचा वेळ.

मी तिथे दाराच्या आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा जग ठेवायला सुरुवात केली, आणि खरोखर तयार झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं माझ्या शिफ्टला सांगून टाकलं. बटणावरून माझं वरच्यांशी वाजलं आणि ते मी हरले. आकडा तो आकडा. खुर्च्यांवर हरकत निघाली की त्या ब्रँडच्या रंगात बसत नाहीत. परवा तिकडून जाताना डोकावले. नवा शिफ्ट मॅनेजर माझ्याच हाताखाली शिकलेला. खुर्च्या अजून आहेत. म्हणाला, “ऑडिटवाले येणार असले की कोल्ड रूममध्ये ठेवतो, मॅडम. गेले की परत काढतो.”